ब्रेक डिस्कला क्रायो करून घ्यावं का?

प्रश्न:
उतारावर ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं, पेडल पायाखाली धडधडतं. पुढच्या डिस्क दोनदा लेथवर घासून घेतल्या, तरी काही महिन्यांत पुन्हा तेच. आता नव्या डिस्क घेतोय. गिअरबॉक्सही उघडायचाय, तिसरा गिअर बदलायला. ओळखीतला एक जण म्हणतो, सगळं क्रायो कर, म्हणजे लिक्विड नायट्रोजनमध्ये थंड करून घे, दुप्पट टिकेल. कुणी केलंय का?

उत्तर १:
मी डिस्क करून घेतल्या होत्या. जास्त टिकल्या, पण पॅडही तेव्हाच बदलले होते. त्यामुळे फरक कशाने पडला, ते ठामपणे सांगता येत नाही.

उत्तर २:
हीट ट्रीटमेंटच्या कामात माझी एकोणीस वर्षं गेली. पोलादाला पाणी दिलं, म्हणजे लालभडक तापवून झटकन थंड केलं, की त्याची आतली रचना बदलते: तापलेल्या अवस्थेतल्या ऑस्टेनाइटचं कडक मार्टेन्साइट होतं. पण कार्बन साधारण ०.६ टक्क्यांच्या वर असेल तर थोडं मऊ ऑस्टेनाइट मागे उरतं. उणे ८० किंवा त्याहून खाली, लिक्विड नायट्रोजनच्या उणे १९६ अंशांच्या आसपास नेलं की त्यातलं बरंचसं बदलतं. डाय, बेअरिंग, कार्ब्युराइज केलेले (पृष्ठभागात जादा कार्बन मुरवलेले) गिअर यांना याचा खरा उपयोग आहे. नंतर टेम्परिंग, म्हणजे पुन्हा बेताचं तापवणं, मात्र हवंच. ते राहून गेलेला एक पिनियन (छोटा गिअर) मी हातात घेतलाय. दुसऱ्या दिवशी सकाळी दाताच्या मुळाशी केसाएवढी चीर होती, नख फिरवलं की अडकायचं.

पण हे सगळं पाणी दिल्यावर लगेच, शेवटच्या ग्राइंडिंगआधी करायचं असतं. ऑस्टेनाइट बदलताना आकारमान वाढतं, म्हणून तयार गिअर आता थंड केलात तर माप हलू शकतं. तो आहे तसाच बसवा.

डिस्क सहसा बिडाची असते. आत पर्लाइट (लोखंडाची सावकाश थंड होताना बनणारी रचना) आणि ग्रॅफाइटच्या पाकळ्या. तिला पाणी दिलेलंच नसतं, मग बदलायला ऑस्टेनाइट कुठून येणार? शिवाय तुमची थरथर झिजेपेक्षा डिस्कची जाडी कमीजास्त झाल्याची वाटते. हबवर गंजाचा पापुद्रा असला की डिस्क तिरकी बसते आणि पॅड एकाच जागी घासत राहतो. नवी डिस्क लावण्याआधी हब वायर ब्रशने साफ करा, डायल गेज लावून डिस्क फिरताना किती डगमगते (रनआउट) ते मोजा.

प्रश्नकर्ता:
आज चाक काढलं. हबच्या कडेला गंजाची खपली होती, स्क्रू ड्रायव्हरने उचलून आली. नवी डिस्क तशीच लावून पाहिली तर रनआउट ०.११ मिमी, घासून साफ केल्यावर ०.०४. क्रायो रद्द. दुसऱ्या बाजूचा हब उद्या उघडतो.