आपली टीम तक्त्यात कुठे आहे? बिग टेनच्या शनिवारांचे अनुभव

केळफूल
आज, १ डिसेंबर २०२४ ला, सकाळी उठून आधी फोनवर स्कोअर पाहिला. इंडियाना ६६, पर्ड्यू ०. मग बिग टेनचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या अठरा कॉलेजांच्या आमच्या लीगचा, सगळा तक्ता उघडला. वर ओरेगन ९-० (नऊ जिंकल्या, एकही हरली नाही), त्याखाली पेन स्टेट आणि इंडियाना ८-१, मग ओहायो स्टेट ७-२. बोटाने खाली खाली जात राहिले. अठरावी ओळ आमची, पर्ड्यूची. ०-९. अख्ख्या सीझनमध्ये एकच मॅच जिंकलो, ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी इंडियाना स्टेटविरुद्ध ४९-०, आणि ती कॉन्फरन्समध्ये (लीगच्या हिशोबात) धरत नाहीत.

ती ओळ बघून २० ऑक्टोबर २०१८ आठवला. तेव्हा मी वेस्ट लाफायेटला एमएस करत होते. ओहायो स्टेट देशात दुसऱ्या नंबरवर, एकही मॅच न हरलेली. आम्ही ३-३. टायलर ट्रेंट नावाचा आमचाच विद्यार्थी, वीस वर्षांचा, हाडांचा कॅन्सर. त्याने टीव्हीवर ठामपणे सांगितलं होतं की पर्ड्यू जिंकणार. त्या रात्री तो रॉस-एड स्टेडियममध्ये आला होता. मला फुटबॉलमधलं फारसं कळत नव्हतं, पण सगळे त्याच्यासाठी ओरडत होते आणि मीही ओरडत होते. चौथ्या क्वार्टरमध्ये आम्ही २८ पॉइंट्स केले. ४९-२०. पोरं मैदानात उतरली, मीही उतरले. त्या वर्षी ओहायो स्टेट फक्त ही एक मॅच हरली. टायलर १ जानेवारी २०१९ ला गेला. स्टेडियमच्या विद्यार्थ्यांच्या गेटला आता त्याचं नाव आहे.

पुण्यात येऊन बरीच वर्षं झाली, तरी शनिवार आला की स्कोअर बघितल्याशिवाय राहवत नाही. तुमच्याकडेही अशी एखादी मॅच, एखादी रात्र असणार. लिहा.

ओहायोकर
मिशिगन १३, आम्ही ओहायो स्टेट १०. आज एवढंच. जेवण पण गेलं नाही.

सातारी कंदी
केळफूल, मी पण पर्ड्यू! पण खूप आधीचा. ब्रेकफास्ट क्लब आठवतो का? मॅचच्या दिवशी सकाळी सातला पोरं केळं, डायनासोर, काय काय बनून रांगेत उभी. माझा भारतातून आल्यावरचा पहिला शनिवार. मी लायब्ररीत निघालो होतो आणि समोरून सहा जण गाईच्या वेशात. घरी फोन केला तर वडील म्हणाले, अभ्यासाकडे लक्ष दे.

मोगरा
ओहायोकर, मनापासून वाईट वाटलं तुमच्यासाठी. पण मी अ‍ॅन आर्बरची, म्हणजे मिशिगनची, त्यामुळे काल आमच्या घरात पेढे होते :)

यंदा आम्ही कुठेच नव्हतो. मॅचच्या आधी ६-५. गेल्या जानेवारीत वॉशिंग्टनला ३४-१३ हरवून देशात पहिले आलो होतो आणि एका वर्षात हे. कोलंबसला जाऊन जिंकू असं मला तरी वाटलं नव्हतं. आमच्या मुलिंग्जची ती २७ यार्डांची धाव आणि झ्वाडाची २१ यार्डांवरची किक, घड्याळात ४५ सेकंद उरलेले. मी मुलाचा डबा भरत होते, हातातली पोळी तशीच राहिली.

माझी खरी आठवण २०२१ ची. बर्फ पडतोय, आजीने विणून पाठवलेली कानटोपी घातली आहे, स्टेडियममध्ये लाखावर माणसं. २०११ नंतर पहिल्यांदा आम्ही ओहायो स्टेटला हरवलं, ४२-२७. माझे पीएचडीचे गाईड, साठीचे गृहस्थ, कधी मोठ्याने न बोलणारे, ते रडत होते. त्यांनी मला मिठी मारली. त्या दिवसापासून ते मला गाईड कमी आणि काका जास्त वाटतात.

पण काल मॅच संपल्यावर आमच्या पोरांनी त्यांच्या मैदानात झेंडा रोवायला जायला नको होतं. मारामारी झाली, पोलिसांनी पेपर स्प्रे मारला. एवढी सुंदर जिंकलेली मॅच आणि दिवसभर बातम्या त्याच.

ओहायोकर
मोगरा, धन्यवाद. झेंड्याचं लिहिलंत ते बरं वाटलं.

लिहितो आता. मिशिगनची मॅच असलेल्या आठवड्यात आमच्या कॅम्पसवर जिथे जिथे पाटीवर इंग्रजी एम आहे तिथे लाल टेपची फुली मारतात. मी नवीन, नोव्हेंबरमध्ये सकाळी लॅबला गेलो तर सगळ्या पाट्यांवर फुल्या. वाटलं काहीतरी दुरुस्ती चालू असेल. लॅबमधल्या एका सीनियरने समजावलं आणि टेपचं रीळ माझ्या हातात दिलं. आमच्या मजल्यावरच्या फुल्या मग मीच मारल्या. त्या दिवसापासून मी तिथला झालो, असं आजही वाटतं.

म्हणून मिशिगनकडून हरण्याचं हे सलग चौथं वर्ष जिवाला लागलंय. आणि काल जिंकलो असतो तर पुढच्या शनिवारी बिग टेनच्या फायनलला, इंडियानापोलिसला, आम्हीच असतो.

निवांत
प्रश्न आहे. पेन स्टेट पण ८-१, इंडियाना पण ८-१. मग फायनलला पेन स्टेटच का? इंडियानाने काय घोडं मारलंय?

नाममात्र
@निवांत, दोघं यंदा एकमेकांशी खेळलेच नाहीत. १८ टीम्स, प्रत्येकीच्या कॉन्फरन्समधल्या ९ मॅचेस, सगळे सगळ्यांशी खेळूच शकत नाहीत. दोघंही ओहायो स्टेटकडूनच हरले. समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्धही हिशोब सारखाच. मग बघतात की तुम्ही ज्यांच्याशी खेळलात त्या सगळ्यांची मिळून कॉन्फरन्समधली कामगिरी कशी. तिथे पेन स्टेट पुढे. जुने दोन विभाग होते तेव्हा हे सोपं होतं. यंदापासून विभाग काढले आणि यूसीएलए, यूएससी, ओरेगन, वॉशिंग्टन आत आले.

शनिवारवाडा
ब्लूमिंग्टनवाला, म्हणजे इंडियानावाला हजर! केळफूल, ६६-० बद्दल माफ करा, ओकन बकेट (आपल्या दोघांच्या मॅचची ट्रॉफी) आमच्याकडे :))

हे वर्ष शब्दांत कसं सांगू. मी शिकायला होतो तेव्हा हाफटाइमनंतर स्टेडियम निम्मं रिकामं. देशात मोठ्या टीम्समध्ये इतिहासात सगळ्यात जास्त मॅचेस हरलेली टीम म्हणून आमची ओळख होती. गेल्या वर्षी ३-९. मग सिग्नेटी कोच आले आणि यंदा ११-१. पहिल्या दहाच्या दहा जिंकलो! ओहायो स्टेटकडे ३८-१५ हरलो तेवढंच. बायको म्हणते ऑफिसच्या मीटिंगपेक्षा तू तक्त्यासमोर जास्त गंभीर असतोस. असेनच. इतकी वर्षं वाट बघितली आहे.

अभ्र
खूप दिवसांनी लिहितेय. आम्ही आयोवा सिटीला होतो, २०१९ मध्ये. मुलगा चार वर्षांचा, हृदयाची शस्त्रक्रिया, मुक्काम लहान मुलांच्या हॉस्पिटलमध्ये. किनिक स्टेडियम अगदी समोर. मॅचच्या दिवशी नर्सने सगळ्या मुलांना वरच्या मजल्यावर नेलं. पहिला क्वार्टर संपला आणि जवळपास सत्तर हजार माणसं मैदानाकडे पाठ करून आमच्या खिडक्यांकडे वळली आणि हात हलवायला लागली. समोरच्या टीमचे खेळाडूसुद्धा, पंचसुद्धा. माझ्या मुलाच्या हाताला सलाइन होतं. त्याने दुसरा हात उचलला आणि सगळे परत खेळाकडे वळले तरी हलवत राहिला. मी आणि नवरा एकमेकांकडे बघू शकत नव्हतो.

२०१७ पासून हे चालू आहे. ज्याच्या मनात पहिल्यांदा आलं त्याला माझा नमस्कार.

आता आम्ही नाशिकला. मुलगा तिसरीत आहे, ठणठणीत. शुक्रवारची मॅच शेवटच्या क्षणी ५३ यार्डांच्या किकवर जिंकलो, नेब्रास्का १०, आयोवा १३. त्याने ती क्लिप शाळेत जायच्या आधी इतक्यांदा बघितली की रिक्षावाले काका हॉर्न देत राहिले.

मोगरा
अभ्र, डोळे भरून आले गं. लेकराला खूप आशीर्वाद.

केळफूल
अभ्र, ❤ माझ्या ऑफिसमध्ये वाचत होते, उठून बाहेर जावं लागलं.

बोरकूट
अभ्र ताई, त्या किकने आमचा शुक्रवार गेला, पण तुमच्या मुलासाठी ती किक माफ.

लिंकन, नेब्रास्का. १९६२ पासून आमच्या स्टेडियमची एकही मॅच अशी नाही की तिकिटं उरली. हरत असलो तरी. माझा घरमालक शेतकरी, त्याच्या वडिलांची सीझन तिकिटं आता त्याच्याकडे. पहिल्या वर्षी त्याने मला वडिलांच्या जागेवर बसवलं. मला काय बोलावं सुचेना. यंदा ६-६, म्हणजे २०१६ नंतर पहिल्यांदा बोल मॅच (सीझननंतरची मानाची मॅच) मिळणार. बाकीच्यांना ६-६ काहीच वाटणार नाही, पण त्या म्हाताऱ्याचा मला मेसेज आला, फक्त उद्गारचिन्हं.

नाममात्र
बोल हुकली ती विस्कॉन्सिनची. ५-७. सलग २२ सीझन चाललेली परंपरा तुटली. शुक्रवारी मिनेसोटाने त्यांच्याच घरी २४-७ हरवून कुऱ्हाडही (त्या दोघांच्या मॅचची ट्रॉफी) नेली.

काकडआरती
मॅडिसनमध्ये, विस्कॉन्सिनच्याच गावात राहतो, कुऱ्हाडीचं नाव काढू नका. तिसरा क्वार्टर संपला की इथे सगळं स्टेडियम उड्या मारतं, पायाखाली सिमेंट हलताना जाणवतं. माझी मुलगी सात वर्षांची, ती फक्त त्यासाठी येते. शुक्रवारी हरत होतो तरी उड्या मारल्याच.

सांगलीच्या काकू
मुलाने हा धागा पाठवला म्हणून लिहिते. टाइप करायला वेळ लागतो. आम्ही दोघं गेल्या वर्षी मुलाकडे गेलो होतो, स्टेट कॉलेजला. त्याने तिकिटं काढलेली, पेन स्टेट आणि आयोवा. त्या मॅचला सगळ्यांनी पांढरंच घालायचं असतं. ह्यांच्याकडे सदरा होता. मी मुलाचा पांढरा स्वेटशर्ट साडीवर घातला. लाखभर लोक पांढऱ्यात, रात्रीचे दिवे, डोळे दिपले. शेजारच्या मुलाने मला शिकवलं की चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. तेवढं कळलं आणि मग सगळं कळायला लागलं. समोरच्यांचा चौथा प्रयत्न फुकट गेला की मी आधी उभी राहायची, मुलगा नंतर. ३१-० जिंकलो. ह्यांचा घसा दोन दिवस बसला होता. शनिवारी आमची ओरेगनशी फायनल आहे ना? किती वाजता?

नाममात्र
काकू, नमस्कार! तिकडे शनिवारी रात्री ८, म्हणजे आपल्याकडे रविवारी ८ डिसेंबरला सकाळी साडेसहा. इंडियानापोलिसला, लुकास ऑइल स्टेडियममध्ये. छत बंद करता येतं, थंडीचा प्रश्न नाही.

अभ्र
काकू, त्या ३१-० ला आम्ही नाशिकमध्ये टीव्ही बंद केला होता :) पण तुमचं वाचून छान वाटलं.

वेडा राघू
सिॲटलमधून. शिकलो ओरेगनला, यूजीनला. १२-० !! कालच वॉशिंग्टनला ४९-२१. माझं ऑफिस सगळं वॉशिंग्टनवाल्यांचं, उद्या हिरवा स्वेटर घालून जाणार.

१२ ऑक्टोबरला ओहायो स्टेट आमच्याकडे आली तेव्हा मी तिकडे गेलो होतो. ३२-३१. शेवटची १० सेकंद उरली असताना आमचे ११ ऐवजी १२ खेळाडू मैदानात. पाच यार्डांची शिक्षा झाली, पण घड्याळातली चार सेकंद गेली ती गेलीच. पुढच्याच आठवड्यात त्या नियमाचा अर्थ बदलावा लागला त्यांना. मॅचमध्ये मग ओहायोचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) पळाला, खाली बसला आणि वेळ संपली.

ओहायोकर
राघू, ती चार सेकंदं अजून झोपेत येतात.

शेवपुरी
इथे कुणी अर्बाना-शँपेनचं, इलिनॉयचं नाही का? मी एकटी? ९-३ आहोत आम्ही! काल रिगली फील्डला नॉर्थवेस्टर्नला ३८-२८.

१९ ऑक्टोबरला मिशिगनला २१-७ हरवलं. (सॉरी मोगरा.) शंभर वर्षांपूर्वी, १९२४ च्या ऑक्टोबरमध्ये, याच स्टेडियममध्ये याच मिशिगनविरुद्ध रेड ग्रेंजने पहिल्या १२ मिनिटांत चार टचडाउन केले होते. त्याची आठवण म्हणून पोरांनी जुन्या धाटणीचा गणवेश घातला होता. माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या, त्यांच्या वडिलांनी ती १९२४ ची मॅच पाहिलेली. मला सगळं सांगत होत्या, मी शेंगदाण्याचा लाडू दिला तर दोन खाल्ले.

आणि २०२१ ची नऊ ओव्हरटाइम कोणाला आठवते का? पेन स्टेटच्या घरी, २०-१८. तिसऱ्या ओव्हरटाइमपासून फक्त दोन पॉइंट्सचे प्रयत्न, आणि दोन्हीकडून एकही जमेना. आमच्या अपार्टमेंटमध्ये डाळ करपली, कोणी उठेचना.

निवांत
टेलगेटला (मॅचआधी स्टेडियमबाहेरच्या खाण्यापिण्याला) काय नेता तुम्ही लोक? आम्ही गेल्या महिन्यात ग्रिलवर पावभाजी केली. शेजारच्या तंबूतले लोक प्लेट घेऊन रांगेत.

सातारी कंदी
थर्मासात आल्याचा चहा. दुसरं काही नको. नोव्हेंबरात सोन्याच्या भावाने मागतात.

शेवपुरी
भडंग. कोल्हापूरहून येतं. वाऱ्यात उडतं हा एकच त्रास.

पाहुणा_२४
विषयांतर, पण मला पर्ड्यूचा जानेवारीचा प्रवेश आलाय. मॅचच्या दिवशी बस बंद असतात का? घर स्टेडियमच्या जवळ घ्यावं का लांब?

केळफूल
@पाहुणा_२४, अभिनंदन!! जवळ घे. बसचे मार्ग मॅचच्या दिवशी बदलतात, चालत सगळं होतं. गाडी घेतलीस तर शुक्रवारी रात्रीच कुठे लावायची ते बघ, माझी एकदा उचलून नेली होती. जानेवारीत फुटबॉल नसतं, पण मॅकी अरीनाला बास्केटबॉल असतं आणि तिथे आपली टीम खूप चांगली आहे. २०२४ च्या एप्रिलमध्ये फायनलपर्यंत गेली होती. विद्यार्थी तिकीट नक्की काढ.

शनिवारवाडा
रविवारी रात्री साडेदहाला (भारतातली वेळ) देशाच्या विजेतेपदासाठी खेळणाऱ्या बारा टीम्सची यादी जाहीर होणार ना? यंदा पहिल्यांदाच बारा. आमचं नाव असेलच असं सगळे म्हणतायत, पण मला धाकधूक आहे. कठीण टीम्सशी खेळलोच नाही म्हणतात.

नाममात्र
११-१ ला बाहेर ठेवणार नाहीत असं मला वाटतं. पहिली फेरी २० आणि २१ डिसेंबरला, कॉलेजांच्या स्वतःच्या मैदानांवर. ओहायो स्टेटही आत असेल.

ओहायोकर
असेल तर परत बघू. आज जेवलो.

सांगलीच्या काकू
ह्यांनी साडेपाचचा गजर लावलाय. राघू, तुमच्या टीमचा क्वार्टरबॅक कोण आहे? नाव सांगा, आम्हाला कोणावर लक्ष ठेवायचं ते आधी कळायला हवं.

वेडा राघू
डिलन गेब्रियल, काकू. आठ नंबर. डावखुरा आहे. आणि आमच्या धावणाऱ्यांकडेही बघा, जॉर्डन जेम्स, वीस नंबर.