विषय: कार्तिकी एकादशीला सासूबाईंना कुठे नेऊ?

निशिकासाईहून (तोक्यो):

नमस्कार मंडळी,
सासू-सासरे महिनाभरासाठी आले आहेत. येत्या रविवारी कार्तिकी एकादशी, दोघांचाही कडक उपास. मुलांना नेमकं त्याच दिवशी आसाकुसाच्या नाकामिसे या बाजारगल्लीत खात-खात फिरायचं आहे. आई म्हणतात, "तुम्ही जा, मी पोथी वाचत बसते." त्यांना घरी ठेवून आपण खायला जायचं, हे मनाला पटत नाही. सगळ्यांना जमेल अशी जागा सुचवा ना.

वाकोहून:

ताई, आसाकुसा राहू दे, तोक्योजवळच्या कावागोएला जा. ते गावच रताळ्याचं आहे! त्या भागात 1751 पासून रताळं पिकतं. नदीतून होड्या भरभरून ते एदोला, म्हणजे जुन्या तोक्योला जायचं. 'कुरी योरी उमाई जूसान-री' अशी म्हण आहे, म्हणजे 'चेस्टनटहून चवदार तेरा री'. री हे अंतराचं जुनं जपानी माप. कु म्हणजे नऊ, त्यातच 'री' आला. योरीतला यो म्हणजे चार. नऊ नि चार तेरा, आणि कावागोएसुद्धा एदोपासून साधारण तेरा री मानलं जाई. मुलांना गाडीत बसल्या बसल्या हे कोडं घाल.

इइदाबाशीला युराकुचो लाइन पकड. काही गाड्या थेट तोबू तोजो लाइनवर कावागोएपर्यंत जातात. स्टेशनवरून बस घ्या, आईंना चालवू नकोस.

योकोहामाहून:

वरच्या मेलला दुजोरा. उपास नसलेल्या शाकाहारी मंडळींसाठी दोन शब्द. काठीला टोचलेले दांगो, म्हणजे भाजके गोळे, तांदळाचे असतात, पण वरच्या सॉसमध्ये कधीकधी माशाचा अर्क असतो. "दाशी हाइत्ते इमासु का?" (यात दाशी, म्हणजे तो अर्क, आहे का?) असं विचारून मगच घ्या. कचऱ्यासाठी पिशवी न्या, रस्त्यावर डबे सापडत नाहीत. आणि खायचं ते दुकानापाशी उभं राहून. मुख्य रस्त्यावर गाड्या धावतात, पदपथ अरुंद आहे. हातात गरम काठी घेऊन मुलांनी चालू नये.

निशिकासाईहून, सोमवारी रात्री:

मंडळी, मनापासून आभार. काल जाऊन आलो.

बसमधून उतरलो तर समोर काळ्या गिलाव्याच्या, जाड भिंतींच्या दुकानांची रांग. 1893 च्या आगीत गावाचा मोठा भाग जळला, पण मातीच्या जाड भिंतींची काही घरं टिकली. त्यातलं ओसावा कुटुंबाचं 1792 चं घर आजही उभं आहे. मग व्यापाऱ्यांनी पुन्हा बांधताना तशीच घरं बांधली. बाबांनी एका भिंतीवर हात ठेवला नि म्हणाले, "आमच्या वाड्याची भिंतही अशीच हातभर जाड होती." नंतर बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

भाजलेलं रताळं कागदात गुंडाळून मिळालं, आईंच्या हातात दिलं. त्यांनी आधी वास घेतला, मग सोललं. आत पिवळंधमक! "आपलं आतून पांढरं असतं गं," म्हणाल्या, आणि पहिला घास नातीच्या तोंडात घातला. लेक म्हणाली, "आजी, उपास तुझा आहे ना?" आजी म्हणाल्या, "मग काय झालं? तुझ्या तोंडात गेलं की माझं पोट भरतं." तिथेच दुकानाच्या बाकावर बसून त्यांनी रताळ्याचा कीस, तुपात परतून पाकात घातलेल्या चकत्या, सगळं मुलांना सांगितलं. मुलं एका कागदी पेल्यातले रताळ्याचे लांबलचक काप खात ऐकत होती. पेला एक आणि हात चार. वाटून खाल्लं म्हणून तीन-चार दुकानांतलं चाखता आलं.

इमोकोई मात्र आईंना देता आलं नाही. रताळ्याची जाड चकती नि गोड उसळीसारखं लाल चवळीच्या जातीचं सारण, पण वरचं आवरण पिठाचं. वाफाळतं ते आम्ही खाल्लं. मला तर तिथलं सगळ्यात तेच आवडलं, आतलं रताळं पुरणासारखं मऊ.

तीन वाजता तोकी नो काने वाजली, तो लाकडी घंटामनोरा. आई थांबल्या, हात जोडले. पुढे काशिया योकोचो, जुन्या मिठाईची गल्ली. 1923 च्या भूकंपात तोक्योतले कारखाने गेले, तेव्हा इथून मिठाई पुरवली जायची. जपानच्या पर्यावरण खात्याने या गल्लीचा वास देशातल्या जपण्याजोग्या शंभर गंधांमध्ये धरला आहे, हे कळल्यावर आम्ही सगळे डोळे मिटून उभे राहिलो. दालचिनी, जळकी साखर.

तिथे आईंनी मीटरभर लांब फुगाशी नावाची मिठाई घेतली. गव्हाची, वर काळ्या साखरेचा थर. म्हणजे उपासाला चालणार नाही, मी लगेच सांगितलं. "उद्याला," त्या म्हणाल्या. गर्दीच्या गाडीत घरापर्यंत नातवाने ती भाल्यासारखी उभी धरून आणली, कुणाचा धक्का लागू दिला नाही.

आज सकाळी वरण-भाताचा नैवेद्य झाला, आणि द्वादशीचं पारणं करताना पानात फुगाशीचे सहा तुकडे होते. सहावा विठ्ठलाच्या तसबिरीपुढे.