लामांना भेटायला जाताना: थुंकणं, खाऊ, कासरा

प्रश्न:
वन्यजीव उद्यानात लामांना (उंटाच्या कुळातले, दक्षिण अमेरिकेतले पाळीव प्राणी) हाताने खाऊ घालता येतो आणि कासरा धरून थोडं चालवताही येतं. सोबत ६ आणि ९ वर्षांची मुलं आहेत. त्याच कुळातल्या अल्पाकापेक्षा लामा वेगळा कसा ओळखायचा? थुंकणार हे आधी कळतं का?

प्रतिसाद १:
कान बघा. लामाचे लांब, केळ्यासारखे आत वळलेले. अल्पाकाचे आखूड नि सरळ. अंगानेही लामा दुपटीच्या घरात, साधारण १३० ते २०० किलो. अँडीज पर्वतात ग्वानाको हा रानटी प्राणी माणसाळवून ओझ्यासाठी लामा झाला. अल्पाका विकुन्या या दुसऱ्या रानटी प्राण्यापासून, लोकरीसाठी.

थुंकणं बहुतेकदा आपसातलं असतं: चारा आणि कळपातला मान. माणूस मधे सापडतो, म्हणून दोन लामांच्या मधे उभं राहून खाऊ देऊ नका. आधी कान मागे चिकटतात, मग हनुवटी वर जाते. तेवढं दिसलं की समोरून बाजूला व्हा. पहिला फवारा लाळ आणि तोंडातल्या चाऱ्याचा. फारच चिडला तर पोटातला हिरवा आंबूस ऐवज बाहेर येतो, आणि तो वास लवकर जात नाही.

प्रतिसाद २:
तळहात सपाट, अंगठा बोटांना चिकटलेला. वरच्या जबड्यात पुढे दात नसतात, नुसती कठीण हिरडी असते, त्यामुळे लामा ओठांनीच टिपून घेतो. उद्यानातल्याच गोळ्या द्या, एका वेळी थोड्या. अधाशासारख्या गिळल्या तर कोरड्या गोळ्या अन्ननलिकेत अडकतात. पाव-बिस्किटं नकोतच, पिठूळ खाणं एकदम पोटात गेलं की आम्ल वाढून रवंथाचं तंत्र बिघडतं. डोक्यावर थोपटलेलं त्यांना आवडत नाही. मानेच्या खालच्या भागाला किंवा खांद्याला हात लावा. नंतर हात साबणाने धुवा.

प्रतिसाद ३:
चालवण्याआधी म्होरकी नीट बसली आहे ना, हे रखवालदाराला विचाराच. नाकावरची पट्टी वर, डोळ्यांच्या जवळ हवी. लामाच्या नाकाचं हाड आखूड, पुढे सगळी कूर्चा, म्हणजे मऊ हाड. पट्टी तिथे घसरली की श्वास कोंडतो आणि शांत जनावरही उधळतं. लोक त्याला हट्टी म्हणून मोकळे होतात!

कासरा हाताला गुंडाळू नका, सैल धरा. खांद्याच्या रेषेत चाला, मागून जाऊ नका, लाथ बसते. मधेच बसला तर ओढू नका, थांबा.

आणि एक: अंगाशी येऊन छातीने ढकलणारा नर लाडिक वाटला तरी त्याच्यापासून मुलांना दूर ठेवा. बाटलीच्या दुधावर माणसांत वाढलेला नर मोठेपणी माणसालाच प्रतिस्पर्धी समजू शकतो.

प्रश्नकर्ती:
आभार! तो ‘हम्म्’ असा आवाज रागाचा का?

प्रतिसाद १:
नाही. कुतूहल, काळजी, थकवा, काहीही असू शकतं. आई आणि पिल्लू तर सतत तसं गुणगुणत असतात. धोक्याची हाक वेगळी, तीक्ष्ण आणि तुटक असते. ती बहुतेकदा कुत्रा दिसला की येते, म्हणून कुत्रं सोबत नेऊ नका.