‘रीझनेबल अकॉमोडेशन’ला मराठीत काय म्हणावं?

शब्दसारथी
एका मोठ्या कंपनीचं ‘समान संधी धोरण’ मराठीत आणायचं आहे. ते कार्यालयात वाचलं जाईल आणि कारखान्याच्या सूचनाफलकावरही लागेल. गाडी अडली आहे ती ‘रीझनेबल अकॉमोडेशन’पाशी, म्हणजे दिव्यांग कर्मचाऱ्याला इतरांच्या बरोबरीने काम करता यावं म्हणून करायच्या बदलांपाशी. पुढे आलेले पर्याय असे: वाजवी निवास, यथोचित समायोजन, रास्त सवलत, आवश्यक सोयीसुविधा. वाक्य साधारण असं आहे: ‘दिव्यांग कर्मचाऱ्याने मागणी केल्यास कंपनी त्याला अमुक देईल.’ ‘अमुक’च्या जागी काय घालावं, आणि का?

कायदेकानू
‘निवास’ आधी काढून टाका. शब्द चुकीचा आहेच, शिवाय याच दस्तऐवजात तो प्रत्यक्ष गोंधळ घालील. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा, तो लागू झाला १९ एप्रिल २०१७ पासून. त्याखालच्या २०१७ च्या नियमांतला नियम ८ सांगतो की वीस किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या खाजगी आस्थापनेच्या धोरणात काय काय असलं पाहिजे: दिव्यांगांसाठी योग्य पदांची यादी, निवडीची पद्धत, प्रशिक्षण, बदली-नेमणुकीत प्राधान्य, विशेष रजा, सहायक साधनं, अडथळामुक्त जागा, संपर्क अधिकारी. कंपनीची घरं असतील तर ती देताना प्राधान्य, हाही मुद्दा त्याच यादीत आहे. म्हणजे खरोखरचं निवासस्थान आणि हे दुसरं ‘अकॉमोडेशन’ एकाच पानावर शेजारी शेजारी येणार. वाचणारा घराचा अर्ज घेऊन येईल आणि त्यात त्याची चूक नसेल.

कायद्याच्या कलम २ मधली व्याख्या सोप्या मराठीत अशी: इतरांच्या बरोबरीने हक्क वापरता यावेत म्हणून, त्या विशिष्ट प्रकरणात अवाजवी बोजा न पडेल अशा बेताने केलेले आवश्यक आणि योग्य फेरबदल व जुळवाजुळव. मूळ व्याख्येतच नाम ‘फेरबदल’ आहे, तर तोच घ्यावा. ‘वाजवी फेरबदल’. सोबत ‘अवाजवी बोजा’ येतो आणि वाजवी-अवाजवी ही जोडी मराठी वाचकाला समजावून सांगावी लागत नाही.

तुमच्या वाक्यातलं ‘देईल’ही बदला. फेरबदल ‘करायचे’ असतात, ‘द्यायचे’ नसतात.

अक्षरवाचक
‘सवलत’ला माझा ठाम विरोध. सवलत म्हणजे एसटीच्या तिकिटातली सूट. देणाऱ्याच्या मनात असेल तोवर असते, उद्या काढूनही घेता येते. कायद्यात तर भेदभावाच्या व्याख्येतच वाजवी फेरबदल नाकारणं येतं. जे नाकारलं तर भेदभाव ठरतो, त्याला सवलत म्हणता येणार नाही.

ही चूक सरकारी मराठीत घट्ट बसलेली आहे. परीक्षांच्या जाहिरातींत ‘लेखनिकाची मदत आणि/अथवा अनुग्रह कालावधी’ असं छापलेलं असतं. अनुग्रह म्हणजे कृपा. आता मूळ सूचना बघा. केंद्र सरकारने २०१३ मध्ये परीक्षांसाठी ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत स्पष्ट लिहिलं होतं की ‘जादा वेळ’ हा शब्दप्रयोग बदलून ‘कॉम्पेन्सेटरी टाइम’ म्हणावं आणि तो परीक्षेच्या दर तासाला किमान २० मिनिटं असावा. म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. हा वेळ भरपाईचा आहे: लेखनिकाला प्रश्न वाचायला सांगणं, उत्तर तोंडी सांगणं, लिहिलेलं परत वाचून घेणं, यात जो वेळ जातो तो भरून दिला जातो. सरळ ‘भरपाई वेळ’ म्हणता आलं असतं. भरतीच्या संगणकीय चाचणीत कंपन्याही हाच हिशोब लावतात. तिथे मात्र ‘अनुग्रह’ आणू नका.

शॉपफ्लोअर
‘समायोजन’ कागदावर भारदस्त दिसतं, पण महाराष्ट्रात हा शब्द आधीच एका कामाला जुंपलेला आहे. अतिरिक्त शिक्षकांचं समायोजन म्हणजे पटसंख्या घटली म्हणून त्यांना दुसऱ्या शाळेत पाठवणं. ज्याच्या घरात कुणी शिक्षक आहे असा कामगार ‘दिव्यांग कर्मचाऱ्यांचे समायोजन’ वाचील आणि समजेल, बदली होणार. मग तो बोलायलाच पुढे येणार नाही.

कारखान्यात रूढ शब्द आहे ‘हलकं काम’ किंवा ‘लाइट जॉब’. हेतू बरा असतो, पण हा शब्द धोरणात शिरू देऊ नका. हलकं काम दिलं की उत्पादनावरचा इन्सेंटिव्ह जातो, ओव्हरटाइम जातो, कौशल्याची श्रेणी अडकते. माणूस वेल्डर म्हणून आला आणि दहा वर्षं गेटवर नोंदी लिहीत बसला, याला फेरबदल म्हणत नाहीत. काम तेच ठेवून करण्याची रीत बदलणं हा पहिला प्रयत्न. दुसरं काम हा शेवटचा.

एक उदाहरण खोलात जाऊन देतो, कारण इथे चुकलं तर बोटं जातात. पॉवर प्रेसला (पत्रा दाबून कापणाऱ्या वा वाकवणाऱ्या यंत्राला) दोन हातांची बटणं असतात. दोन्ही एकाच वेळी दाबली तरच रॅम, म्हणजे दाब देणारा वरचा भाग, खाली येतो; त्यामुळे दोन्ही हात डायच्या (साच्याच्या) बाहेर असल्याची खात्री होते. एका हाताने काम करणाऱ्या ऑपरेटरसाठी सुपरवायझर काय करतो? एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवतो. हा फेरबदल नव्हे, सुरक्षा काढून घेणं झालं. ते प्रेस पुढच्या पाळीत दुसऱ्याच्या हाती जातं आणि पट्टी तशीच राहते. योग्य मार्ग म्हणजे आधी त्या यंत्राची जोखीम तपासणी, मग लाइट कर्टन (हात आत गेला की यंत्र थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) आणि पायाचा पेडल. कर्टन डायपासून किती लांब हवा ते प्रेस थांबायला किती वेळ लागतो त्यावरून काढायचं, अंदाजाने लावायचं नाही. ज्या प्रेसचा स्ट्रोक अर्ध्यात थांबवता येत नाही तिथे कर्टनचा उपयोगच नाही. तिथे वेगळं यंत्र हेच उत्तर.

कर्णबधिर ऑपरेटरसाठी बझरच्या जोडीला दिव्याचा खांब हे सोपं आहे, स्वस्तही आहे. पण दिवा पाठीमागे लावतात. नजर कामावर असताना दिसेल अशा जागी तो हवा.

मनुष्यबळ
‘सोयीसुविधा’वर माझा आक्षेप वेगळा आहे. कॅंटीन, बस, पाळणाघर या सुविधा: सगळ्यांसाठी आणि आधीपासून असलेल्या. इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन शब्द हवेत.

पहिली ‘सुगम्यता’, म्हणजे जागा सगळ्यांना वापरता येण्याजोगी असणं. ती कुणी मागितली नाही तरी हवी. रॅम्पचा चढ १:१२, म्हणजे ४५ सेंटिमीटरची पायरी चढायला ५.४ मीटर लांबी. जागा पुरत नाही म्हणून तीन मीटरमध्ये उरकला तर चाकाची खुर्ची स्वतःच्या बळावर चढत नाही आणि उतरताना पुढे झुकते. दरवाजाला ९०० मिलिमीटर मोकळी रुंदी. खुर्ची वळायला १५०० मिलिमीटरचं वर्तुळ, स्वच्छतागृहातसुद्धा. सगळी मापं बरोबर असतात आणि मग त्या स्वच्छतागृहात कुणीतरी बादल्या-झाडू ठेवायला सुरुवात करतो.

दुसरी ‘वाजवी फेरबदल’. तो एका माणसासाठी, त्याच्याशी बोलून ठरवलेला. सेरेब्रल पाल्सी असलेल्या दोन कर्मचाऱ्यांना अगदी वेगळ्या गोष्टी लागू शकतात: एकाला की-गार्ड (चुकीची कळ दाबली जाऊ नये म्हणून वर लावायची भोकांची पट्टी) बसवलेला कीबोर्ड, दुसऱ्याला सकाळच्या गर्दीआधी निघता येईल अशी वेळ. ‘सुविधा’ म्हटलं की एचआर यादी काढतो, यादीत नसलेलं नाकारतो. ‘फेरबदल’ म्हटलं की विचारावं लागतं.

मोठ्या कंपनीत गाडं कुठे अडतं तेही सांगते. मागणी तोंडी झाली तरी चालते असं धोरणात लिहा. ती ऐकणाऱ्याने दोन ओळींची ईमेल करून नोंद करायची. मग बोलणं: कामाचा कोणता भाग अडतो आणि कशामुळे. निदान विचारायचं नाही, अडथळा विचारायचा. मग पर्याय, आठ-पंधरा दिवस वापरून पाहणं, लेखी खात्री आणि तीन महिन्यांनी फेरआढावा. व्यवस्थापक बदलला, विभाग बदलला की सगळं पुन्हा शून्यापासून सुरू होतं, म्हणून ती लेखी खात्री कर्मचाऱ्याच्या हातातही हवी.

पैसा विभागाच्या बजेटातून काढू नका. वीस माणसांच्या विभागाला सांकेतिक भाषेच्या दुभाष्याचा खर्च ‘अवाजवी बोजा’ वाटतो. दहा हजार माणसांच्या कंपनीला तो तसा म्हणताच येणार नाही. केंद्रीय निधी ठेवला की व्यवस्थापकाच्या हातून नकार निघत नाही. आणि नकार द्यायचाच असेल तर कारण लेखी, सोबत दुसरा पर्याय.

शब्दसारथी
‘फेरबदल’ पटतंय. पण ‘वाजवी सोय’ जास्त घरगुती नाही का? ‘गैरसोय’ हा विरुद्धार्थी शब्दही तयार आहे.

कायदेकानू
बोलण्यात ‘सोय’ उत्तम. ‘तुमच्या कामात काय सोय करावी लागेल?’ असं जरूर विचारावं. लेखी मात्र दोन अडचणी: ‘सोय’ करणारा मोठा आणि घेणारा लहान, हा भाव तिला चिकटतो, आणि ‘स्वतःची सोय पाहतो’ हा आरोप सहकाऱ्यांच्या तोंडी लगेच येतो. ‘फेरबदल’मध्ये बदलायचं असतं ते काम, यंत्र, वेळ, नियम. माणूस नव्हे.

इंग्रजीतसुद्धा एकच शब्द नाही. अमेरिकेत हा शब्द १९७२ साली रोजगार कायद्यात आला तो धार्मिक कारणासाठी, कर्मचाऱ्याच्या उपासनेचा वार सांभाळता यावा म्हणून. अपंगत्वाच्या १९९० च्या कायद्याने तो जगभर पसरवला. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात ‘रीझनेबल ॲडजस्टमेंट्स’ आहे, म्हणजे आपल्या ‘फेरबदला’च्याच जवळचा.

प्रमाणपत्राबद्दल एक सूचना. ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ म्हणजे ४० टक्के किंवा अधिक. ते आरक्षणासारख्या ठरावीक लाभांसाठी. फेरबदलाच्या कलमात ‘लक्षणीय’ शब्द घालू नका. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: लेखनिक ४० टक्क्यांची अट पूर्ण करणाऱ्यांपुरता मर्यादित ठेवता येत नाही. भाषांतरात एक विशेषण जास्त पडलं की शेकडो माणसं बाहेर राहतात.

अक्षरवाचक
शब्दांची आणखी थोडी साफसफाई. ‘मूकबधिर’ नको, ‘कर्णबधिर’ लिहा. ज्याची भाषा हातांवर आहे तो मुका नसतो. ‘खाणाखुणा’ नको, ‘सांकेतिक भाषा’ लिहा; तिला स्वतःचं व्याकरण आहे. तासाभराहून लांब बैठकीला दोन दुभाषे बोलवा आणि वीसेक मिनिटांनी आलटूनपालटून काम द्या. एकटा दुभाषा दमला की गाळायला लागतो आणि ते ऐकणाऱ्यांना कळतही नाही. मराठी-हिंदी-इंग्रजी मिसळून चाललेल्या बैठकीत पडद्यावर आपोआप उमटणाऱ्या कॅप्शन्सवर विसंबू नका. अपंगत्व ‘जाहीर करणे’ किंवा ‘मान्य करणे’ही नको, ‘कळवणे’ लिहा. मान्य गुन्हा करतात.

आता या धोरणाच्या फायलीबद्दल, कारण इथे सगळं मुसळ केरात जातं. मराठी दस्तऐवज अजूनही जुन्या फॉन्टमध्ये बनतात. डोळ्यांना मराठी दिसतं, आत रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर, तीच वाचतो. तपासायची रीत सोपी: पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. कचरा उमटला तर अंध कर्मचाऱ्यालाही कचराच ऐकू येणार. युनिकोडमध्ये टंकन करा, शीर्षकांना वर्डमधल्याच शीर्षक-शैली द्या, सही-शिक्क्याची स्कॅन प्रत वेगळी ठेवा. युनिकोड असूनही पीडीएफमध्ये जोडाक्षरं कधी कधी तुटतात, म्हणून सोबत वर्ड किंवा वेबपानाची प्रत हवीच. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत आहे आणि त्याच्यासोबतचा ईस्पीक हा संगणकीय आवाज मराठी बोलतो. प्रसिद्धीआधी एकदा पूर्ण ऐका.

आयटीलाही याच धोरणात बांधून घ्या. स्क्रीन रीडर मंजूर सॉफ्टवेअरच्या यादीत नसतो, म्हणून परवानगीतच पहिला महिना जातो. रिमोट डेस्कटॉपवर पलीकडून फक्त चित्र येतं, त्यामुळे स्क्रीन रीडर पलीकडच्या यंत्रावरही लागतो. आणि अंतर्गत प्रणालीची नवी आवृत्ती आली की बटणांची नावं गायब होतात. काल चालणारं आज फक्त ‘बटण, बटण, बटण’ असं ऐकू येतं. नवी आवृत्ती बसवण्याआधीच्या चाचणीत ही एक पायरी घाला.

मनुष्यबळ
‘दिव्यांग’ की ‘अपंग’ याचा निकाल इथे लागणार नाही. कायद्याच्या संदर्भात ‘दिव्यांग’ ठेवा, व्यक्तीबद्दल लिहिताना तिला विचारा.

आपत्कालीन भागात ‘सर्वांनी जिन्याने खाली यावे’ हे वाक्य असेल तर ते वगळा. कोण कोणाबरोबर, कोणत्या जिन्यापाशी, रेफ्यूज एरिया (मदत येईपर्यंत थांबायची सुरक्षित जागा) कुठे, इव्हॅक्युएशन चेअर (माणसाला जिन्यावरून उतरवायची खुर्ची) कोण चालवणार, हे नावानिशी लिहा आणि प्रत्येक पाळीत सराव घ्या. रात्रपाळीची नावं वेगळी असतात.

शब्दसारथी
मग मसुदा असा: ‘काम करताना, भरतीच्या वेळी किंवा प्रशिक्षणात अडथळा येत असल्यास कर्मचारी वा उमेदवार तो कळवू शकतो. कंपनी त्याच्याशी बोलून वाजवी फेरबदल करील. त्यासाठी अपंगत्वाच्या टक्केवारीची अट नाही. फेरबदल नाकारल्यास कारण व दुसरा पर्याय लेखी कळवला जाईल.’

शॉपफ्लोअर
चांगला आहे. ‘करील’च्या आधी मुदत घाला, म्हणजे ‘इतक्या कामकाजाच्या दिवसांत’. आणि फलकावर संपर्क अधिकाऱ्याचं नुसतं पद नको. फोन क्रमांक, बसण्याची जागा आणि कर्णबधिर कामगाराला संदेश पाठवता येईल असा मोबाइल क्रमांकही लिहा. फलकही जमिनीपासून चार फूट उंचीच्या आत लावा, खुर्चीवरून वाचता आला पाहिजे.