समुद्राखालच्या कवचाचं सिस्मिक चित्र, त्यात दिसतो तो खडक का नुसता वेग?

भूगर्भ_सोलापूर:
नमस्कार मंडळी, मी सोलापुरात एमएस्सी जिऑलॉजी करतेय, शेवटचं वर्ष. सेमिनारला समुद्राखालचं कवच आणि त्याचं सिस्मिक इमेजिंग, म्हणजे खडकात लाटा सोडून त्यांच्यावरून आतलं चित्र काढणं, हा विषय घेतलाय. समुद्र आपल्यापासून लांब आहे पण पायाखाली सगळा बसाल्टच, त्यामुळं विषय जवळचा वाटला. पुस्तकात एकदम सरळ दिलंय, वर गाळ, मग पिलो लाव्हा (पाण्यात उशांसारखा गोठलेला लाव्हा) म्हणजे लेयर २ए, त्याखाली उभ्या डाइक (भेगांत गोठलेल्या मॅग्माच्या भिंती) म्हणजे २बी, मग गॅब्रो (खोलवर सावकाश गोठलेला भरड खडक) म्हणजे लेयर ३, आणि ६-७ किमीवर मोहो, म्हणजे कवचाचा तळ. पण पेपर वाचायला घेतले आणि गोंधळ सुरू झाला, एक जण म्हणतो २ए-२बीची सीमा म्हणजे लाव्हा संपून डाइक लागल्या, दुसरा म्हणतो तिथं फक्त भेगा बुजल्यात, खडक तोच आहे. मग त्या इमेजमध्ये आपण नेमकं बघतो काय? आणि फुल वेव्हफॉर्म इन्व्हर्जननं, म्हणजे नोंदलेली पूर्ण लाट कॉम्प्युटरवर जुळवून, हे सुटतं का?

पाणी_पॉइंट:
ताई, मी समुद्रातला माणूस नाही, मोहोळ, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर भागात रेझिस्टिव्हिटी मशीन लावून बोअरचे पॉइंट काढून देतो, पण तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. शेतकरी विचारतो, साहेब मशीनमध्ये पाणी दिसतंय का? मशीनला पाणी दिसत नाही हो, करंट किती सहज जातोय एवढंच कळतं. मागं अक्कलकोटकडं एका रानात चाळीस मीटरच्या आसपास रीडिंग एकदम खाली आलं, मला वाटलं मांजऱ्या दगडात पाणी आहे, बोअर मारली तर दोन लाव्हांच्या मधला तांबड्या मातीचा थर निघाला, ओला पण पाणी सोडत नाही. त्या माणसाचे पैसे गेले, मला लई लागलं ते. तेव्हापासून शेजारच्या बोअरचा चुरा कुठल्या खोलीला कसला निघाला हे विचारल्याशिवाय मी पॉइंट देत नाही. तुमच्या समुद्रातपण असंच असणार बघा.

लाट_आणि_खडक:
वरच्या दादांनी अगदी मुद्द्याला हात घातलाय. मी मूळचा सोलापूरचाच, काही वर्षं सिस्मिक डेटा प्रोसेसिंगमध्ये काढलीत. लेयर २, लेयर ३ ही नावं मुळात वेगावरून पडलेली आहेत, खडकावरून नाही. लाट एवढ्या वेगानं गेली म्हणून हा लेयर २, वेग ६.७ ते ७ किमी प्रति सेकंदाच्या आसपास स्थिरावला म्हणून लेयर ३. लाव्हा, डाइक, गॅब्रो ही जोडी नंतर लावली, जमिनीवर चढून आलेले समुद्री कवचाचे तुकडे बघून.

आता बोअरचा चुरा काय म्हणतो ते बघ. पूर्व पॅसिफिकमध्ये ५०४बी नावाचं भोक आहे, १९७९ ते १९९३ दरम्यान टप्प्याटप्प्यानं पाडलं, समुद्रतळाखाली २१११ मीटर. गॅब्रो लागलाच नाही, पण लेयर २-३ ची वेगाची सीमा मात्र डाइकमध्येच सापडली, म्हणजे खडक तोच, पोकळ्या आणि खनिजं बदलली. दुसरं भोक १२५६डी, तिथं २००५ मध्ये गॅब्रो लागला आणि तोही लेयर २ च्या वेगात. म्हणजे दोन्हीकडं पुस्तकातली जोडी जमली नाही. ही दोन भोकं तुझ्या सेमिनारचा कणा कर, एवढंच माझं म्हणणं.

इन्व्हर्जनबद्दल. साध्या टोमोग्राफीत, म्हणजे लाटांच्या वेळेवरून वेगाचं चित्र काढण्याच्या पद्धतीत, पहिली लाट कधी आली तेवढी वेळ घेतात, चित्र पुसट येतं. फुल वेव्हफॉर्ममध्ये लाटेचा सगळा आकार जुळवायचा. ६ किमीचा वेग आणि १० हर्ट्झ धरलं तर लाटेची लांबी ६०० मीटर, त्याच्या निम्म्यापर्यंत बारकावा मिळू शकतो. पण सुरुवातीचं मॉडेल अर्ध्या लाटेपेक्षा जास्त चुकलं तर कॉम्प्युटर भलत्याच शिखराला शिखर जुळवतो, म्हणून आधी कमी फ्रिक्वेन्सी, मग हळूहळू वर. अजून एक, ३ किमी पाण्यातून आवाज जाऊन यायलाच ४ सेकंद जातात आणि वरच्या कवचातली लाट तळाच्या प्रतिध्वनीमागं दडते, त्यामुळं काही जण आधी गणितानं लाट सोडणारं जहाज आणि ती टिपणारी मागची केबल दोन्ही समुद्रतळावर नेऊन ठेवतात, मग ती लाट आधी येते. हे सगळं करूनही हातात येतो तो वेगच, फक्त स्वच्छ. जिथं फरक प्रचंड असतो, जसं ईस्ट पॅसिफिक राइज या समुद्राखालच्या डोंगररांगेच्या माथ्याखाली दीडेक किमीवर वितळलेल्या मॅग्माची भिंग, तिथं चित्र नीट बोलतं. २ए-२बीसारख्या ठिकाणी नाही.

तळातली_पेटी:
एक भर घालतो. पी लाटेबरोबर (दाबाची लाट) एस लाटेचा (आडवी हलवणारी लाट) वेगपण मिळाला तर भेगांचा अंदाज बराच नीट येतो, कारण पाणी भरलेल्या भेगा एस लाटेला जास्त अडवतात. पण एस लाट पाण्यातून जात नाही, म्हणून जहाजामागच्या केबलपेक्षा समुद्रतळावर ठेवलेले सिस्मोमीटर बघ. त्यांची झंझट निराळी, खाली जीपीएस नाही, घड्याळ सोडताना एकदा आणि काढल्यावर एकदा जुळवायचं, मधला फरक वाटून द्यायचा. पेटीपण प्रवाहात सरकून भलतीकडं बसते, तिची जागा पाण्यातून थेट आलेल्या लाटेवरून परत काढावी लागते.

भूगर्भ_सोलापूर:
सर, खूप आभार, ५०४बी आणि १२५६डी शेजारी शेजारी ठेवून वेगाचा ग्राफ आणि खडकाचा कॉलम एकाच स्लाइडवर काढते. पाणी_पॉइंट दादा, किल्लारीला भूकंपानंतर पाडलेल्या भोकात ३३८ मीटर बसाल्ट संपून खाली वेगळाच जुना खडक लागला हे वाचलं होतं, पण शेजारच्या रानातल्या चुऱ्याची गोष्ट मी सेमिनारमध्ये सांगितली तर चालेल का? आणि एकदा तुमचं मशीन बघायला यायचंय.

पाणी_पॉइंट:
सांगा की, फक्त त्या शेतकऱ्याचं गाव नको. रविवारी मोहोळच्या अलीकडं एक काम आहे, सकाळी सातला या, नंतर ऊन तापतं. वही आणा, रीडिंग तुम्हीच लिहा.