सल्ला हवा: सहावीतल्या मुलीला चंद्राच्या कला कशा समजावू?

पुणेरी_बाबा: पृथ्वीची सावली पडते म्हणून चंद्र लहान-मोठा दिसतो, असं लेकीच्या डोक्यात पक्कं बसलंय. आकृत्या काढून झाल्या, ढिम्म फरक नाही. दांड्यावर फिरणारं सूर्य-पृथ्वी-चंद्राचं मॉडेल घेऊ का सरळ टेलिस्कोप? बजेट पाच-सहा हजार.

नभोवेडा: आत्ता दोन्ही नको. येत्या वद्य अष्टमीला सकाळी आठच्या सुमारास तिला गच्चीवर न्या. पूर्वेला सूर्य, पश्चिमेकडे अर्धा चंद्र, दोन्ही एकदम दिसतील. उन्हात उभं राहून एक पांढरा चेंडू हात लांब करून चंद्राच्या दिशेने धरायला सांगा. चेंडू जसा अर्धा उजळलेला दिसेल, तस्साच चंद्र. मग विचारा, पृथ्वीची सावली तर सूर्याच्या विरुद्ध बाजूला पडणार, मग ती या चंद्रावर पोचली कशी? उत्तर तुम्ही देऊ नका, तिला भांडू द्या.

शाळामास्तरीण: +१. त्या मॉडेलमध्ये चंद्र पृथ्वीला जवळजवळ चिकटलेला असतो, त्यामुळे सावलीचा गैरसमज उलट वाढतो. त्यापेक्षा बास्केटबॉल म्हणजे पृथ्वी आणि टेनिसचा चेंडू म्हणजे चंद्र घ्या, प्रमाण बरोबर जमतं. आता लेकीला विचारा, अंतर किती ठेवायचं? बहुतेक मुलं हातभर सांगतात. खरं उत्तर सुमारे सात मीटर! (चंद्र ३,८४,००० किमीवर, म्हणजे पृथ्वीच्या व्यासाच्या तीसपट.) याच मापाने सूर्य २६ मीटरचा आणि पावणेतीन किलोमीटरवर येतो.

पुणेरी_बाबा: भारी! पण मग तिचा पुढचा प्रश्न ठरलेला: दर पौर्णिमेला ग्रहण का नाही?

शाळामास्तरीण: चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी पाच अंशांनी कललेली आहे. सात मीटरवर तेवढ्याने टेनिसचा चेंडू दोन फूट वर किंवा खाली जातो, सावली हुकते. पौर्णिमा किंवा अमावास्या दोन कक्षा छेदतात त्या बिंदूंजवळ आली तरच ग्रहण. ते दोन बिंदू म्हणजेच आपले राहू-केतू.

पंचांगवाले_काका: घरात दिनदर्शिका आहे ना? मग फुकटची प्रयोगशाळा आहे. सूर्य आणि चंद्रात १२ अंशांचं अंतर वाढलं की एक तिथी. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून संकष्टीला उपास सोडायला ताटकळावं लागतं. महिनाभर पोरीला चंद्रोदयाच्या वेळा वहीत लिहू द्या.

गल्लीतला_गॅलिलिओ: टेलिस्कोपबद्दल असहमत. मुलांना 'व्वा' म्हणायला काहीतरी लागतंच. पण या बजेटात हलणाऱ्या तिपाईचा टेलिस्कोप घेण्यापेक्षा १०×५० (दहापट मोठं दाखवणारं, पुढचं भिंग पन्नास मिमीचं) बायनाक्युलर घ्या आणि शुद्ध अष्टमीच्या आसपास चंद्र बघा. प्रकाश-अंधाराच्या सीमेवरची विवरं उठून दिसतात, पौर्णिमेला सगळं सपाट. त्यातून सूर्याकडे मात्र चुकूनही बघायचं नाही.

नभोवेडा: आणि पुण्यातच असाल तर १३-१४ मेच्या सुमारास, दुपारी साडेबाराच्या आसपास, अंगणात सरळ काठी उभी करा. सूर्य अगदी डोक्यावर, सावली गायब. जुलैअखेरीस पुन्हा तोच योग, पण तेव्हा ढगांपुढे कोणाचं चालतं!

पुणेरी_बाबा: सर्वांचे आभार. मॉडेल रद्द, बायनाक्युलर दिवाळीला. गॅलिलिओभाऊ, चष्मेवाल्या मुलीला कुठलं जमेल?

गल्लीतला_गॅलिलिओ: आयपीस (डोळ्याकडचं भिंग) आणि डोळ्यात जास्त अंतर चालेल असं मागा, रबरी कड दुमडता येते ना ते बघा. तिला दुकानात घेऊन जा. पन्नास मिमीचं जड असतं, हातात धरवतंय का तेही कळेल.