अनुभव धागा : धावपळीचे दिवस आणि रहस्यकथांचे वाचन

रहस्यकथांचे वाचक आपल्यात पुष्कळ आहेत आणि त्यांतील बहुतेकांचा दिवस नोकरी, घर, प्रवास आणि कोणाची ना कोणाची आजारपणे यांनी भरून गेलेला असतो. तरीही ही मंडळी वाचतात. केव्हा वाचतात, कशी वाचतात आणि मधे खंड पडल्यावर कथेचे दुवे पुन्हा कसे जुळवतात, हे त्यांच्याच शब्दांत कळावे यासाठी हे निमंत्रण आहे. विनंती एकच आहे : कोणत्याही कथेचा शेवट किंवा गुन्हेगाराचे नाव उघड करू नये. ज्याने ते पुस्तक अजून हाती घेतलेले नाही, त्याचा आनंद आपल्या एका वाक्याने कायमचा हिरावला जाऊ शकतो.

सुरुवात मी करते. रहस्यकथा एका बैठकीतच वाचायला हवी, तुकड्यातुकड्यांनी वाचली तर तिची मजा जाते, असे अनेकदा ऐकायला मिळते. मला ते पटत नाही. विल्की कॉलिन्स यांची ‘द मूनस्टोन’ ही इंग्रजीतील अगदी सुरुवातीच्या रहस्य-कादंबऱ्यांपैकी एक. ती १८६८ साली एका साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली, म्हणजे तिच्या पहिल्या वाचकांना प्रत्येक हप्त्यानंतर आठवडाभर थांबावेच लागले. थांबणे या कथाप्रकाराच्या प्रकृतीविरुद्ध नाही. कुठे थांबावे हे मात्र कळायला हवे. मी प्रकरणाच्या शेवटी कधीच थांबत नाही. तिथे लेखकाने मुद्दाम एखादी किंकाळी, एखादे अनपेक्षित पत्र ठेवलेले असते, आणि कितीही उशीर झाला असला तरी पुढचे प्रकरण उघडले जातेच. त्या पुढच्या प्रकरणाची पहिली एकदोन पाने वाचली की ताण सैलावतो, पात्रे बसून बोलू लागतात. तिथे मी खूण ठेवते. एखाद्या साक्षीदाराची चौकशी चालू असेल तर मात्र ती संपेपर्यंत पुस्तक मिटत नाही, कारण चौकशीच्या आरंभी दिलेले उत्तर आणि शेवटी सहज तोंडून गेलेले वाक्य यांतील विसंगती मधे दोन दिवस गेल्यावर लक्षात येत नाही.

*

मी रुग्णालयात परिचारिका आहे आणि माझ्या पाळ्या सतत बदलत असतात. रात्रपाळी संपवून घरी आल्यावर शरीर थकलेले असते, पण डोके जागेच असते आणि झोप लवकर येत नाही. त्या वेळेसाठी मी फक्त लघुकथा ठेवल्या आहेत. आर्थर कॉनन डॉयल यांनी १८९१ मध्ये ‘स्ट्रँड’ मासिकात शेरलॉक होम्सच्या लघुकथा लिहायला घेतल्या, तेव्हा नायक तोच राहील पण प्रत्येक कथा त्या त्या अंकातच पूर्ण होईल, असे त्यांनी जाणीवपूर्वक ठरवले होते. एखादा अंक चुकला तरी वाचकाचे काही अडू नये, हा त्यामागचा विचार होता. माझ्यासारखीला तो आजही उपयोगी पडतो. होम्सच्या लघुकथा ५६ आहेत, कोणतीही कोणत्याही दिवशी उघडता येते, आणि अर्ध्या-पाऊण तासात प्रश्न पडून त्याचे उत्तरही मिळालेले असते.

आणखी एक गोष्ट इथे लिहावीशी वाटते. दिवसभर आजार आणि मृत्यू पाहणारी व्यक्ती पुन्हा खुनाच्या कथा का वाचते, असे मला अनेकांनी विचारले आहे. प्रत्यक्षात माणूस जातो तेव्हा घरचे लोक ‘असे का झाले’ म्हणून विचारतात आणि बऱ्याचदा त्या प्रश्नाला कोणाकडेच उत्तर नसते. रहस्यकथेत तोच प्रश्न विचारला जातो, कोणीतरी तो शेवटपर्यंत सोडत नाही, आणि शेवटी कारण सापडते. मला त्या कारणाची गरज असते. म्हणूनच रक्तामांसाची लांबलचक वर्णने असलेली पुस्तके मी वाचत नाही. वेदनेचे तपशील मला ठाऊक आहेत, ते पुस्तकातून नको असतात. मला कोडे हवे असते, त्याची प्रामाणिक उकल हवी असते, आणि ती मिळाली की झोप लागते.

*

आमच्या घरात लहान मूल आले आणि दोन्ही हात रिकामे असण्याची वेळच संपली. तेव्हापासून मी रहस्यकथा ऐकू लागलो. भांडी घासताना, कपड्यांच्या घड्या घालताना, बाळाला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालताना कानात कथा चालू असते. मात्र ऐकण्यात एक मोठी अडचण आहे, आणि तिचा विचार करूनच पुस्तक निवडावे लागते. चांगला लेखक महत्त्वाचा दुवा कधीच ठळकपणे देत नाही. तो खोलीतील सामानाच्या वर्णनात, चारपाच वस्तूंच्या मधोमध एखादी वस्तू ठेवून देतो. छापील पानावर डोळा मागे जाऊ शकतो. ऐकताना त्याच क्षणी नळ सोडला किंवा बाळ रडले, की ते वाक्य निघून गेलेले असते आणि ते निघून गेले हेही कळत नाही. ध्वनिमुद्रण थोडे मागे नेण्याची सोय असते खरी, पण काय सुटले हेच माहीत नसेल तर मागे तरी कुठवर न्यायचे?

यावर मी असा मार्ग काढला की कानांसाठी पूर्वी वाचलेल्या कादंबऱ्या ठेवायच्या आणि नवी कादंबरी डोळ्यांनीच वाचायची. याचा झालेला लाभ मला अनपेक्षित होता. अगाथा ख्रिस्ती यांची १९२६ ची ‘द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड’ मी तरुणपणी वाचली होती, तेव्हा शेवटाने थक्क झालो होतो. आता शेवट ठाऊक असताना ती ऐकली, तेव्हा कोणते वाक्य किती तोलून लिहिले आहे, कुठे एक शब्द कमी ठेवला आहे आणि तरीही वाचकाशी खोटे कसे बोललेले नाही, हे पावलोपावली जाणवत गेले. पहिल्या वाचनात आपण गुन्हेगाराचा माग काढतो, दुसऱ्यात लेखकाचा. मला दुसरे वाचन अधिक श्रीमंत वाटते. घाईच्या आयुष्यात ‘वाचलेलेच पुन्हा कशाला’ असे म्हणून लोक ते टाळतात, त्याची मला खरोखर हळहळ वाटते.

*

माझे वाचन प्रवासात होते, जाताना आणि येताना. बसायला जागा मिळेलच असे नसते, म्हणून एका हातात मावेल असे पुस्तक किंवा ई-पुस्तकांचे वाचनयंत्र लागते. यंत्राचा मोठा फायदा असा की एखाद्या पात्राचे नाव शोधले की ते पहिल्यांदा कुठे आले ते लगेच दिसते. आठवड्याची सुट्टी मधे पडली की हे फार उपयोगाचे ठरते. मोबाईलवर मात्र मी वाचत नाही. संदेश येत राहतात आणि संशयितांची नावे डोक्यातून पुसली जातात.

छापील पुस्तकासाठी मी कागदाची एक लांबट पट्टी खूण म्हणून वापरते आणि तिच्यावर पेन्सिलीने चार रकाने आखते. पहिल्यात पात्राचे नाव, दुसऱ्यात मृत व्यक्तीशी नाते, तिसऱ्यात गुन्ह्याच्या वेळी ते कुठे होते असे ते स्वतः सांगते, आणि चौथ्यात ते सांगणे आणखी कोणी खरे ठरवले आहे का. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. बहुतेक पुस्तकांत अर्ध्यापर्यंत तो जवळजवळ भरतो आणि एकदोन नावांपुढे कोरा राहतो; नजर आपोआप त्या नावांकडे जाते. पण कसलेल्या लेखकाने अपराधी व्यक्तीचा रकाना आधीच व्यवस्थित भरून दिलेला असतो, त्यामुळे आता मी कोऱ्या जागांइतकाच नीटनेटक्या भरलेल्या जागांचाही संशय घेते. पुस्तक संपल्यावर ती पट्टी मी आतच ठेवते. पुढे ते पुस्तक पुन्हा हाती आले की आपण तेव्हा कोणावर संशय घेतला होता, हे वाचण्यातही आनंद असतो.

*

माझी उमेदीची वर्षे बाबूराव अर्णाळकरांच्या झुंजार आणि काळापहाड या नायकांसोबत गेली. त्यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांतील हाती लागतील तेवढ्या आम्ही भावंडांनी एकमेकांच्या हातून ओढून घेत वाचल्या. आता वेळ भरपूर आहे, पण डोळे फार वेळ साथ देत नाहीत. सकाळच्या उजेडात मोठ्या अक्षरांत थोडे वाचतो आणि उरलेले प्रकरण संध्याकाळी नातू वाचून दाखवतो. वाचता वाचता तो मधेच थांबतो आणि विचारतो, “आजोबा, तुमचा संशय कोणावर?” हा प्रश्न मला औषधासारखा लागू पडला आहे.

*

माझे काम हिशेब तपासणीचे आहे. वर्षातून काही आठवडे असे येतात की वाचन पूर्ण बंद होते, आणि इतर दिवसांतही सलग तास मिळणे कठीण असते. इथले अनुभव वाचताना जाणवले की आपण सगळे पुस्तक उघडे असतानाच्या वेळेबद्दल बोलत आहोत. माझ्या मते रहस्यकथेचे निम्मे वाचन पुस्तक मिटलेले असताना होते, आणि व्यग्र माणसाला हा कथाप्रकार इतका जवळचा वाटण्याचे कारण तेच आहे.

एलरी क्वीन या टोपणनावाने दोन मावसभाऊ लिहीत असत. १९२९ च्या त्यांच्या पहिल्या कादंबरीपासून पुढच्या अनेक कादंबऱ्यांत शेवटाआधी एका ठिकाणी कथा थांबते आणि वाचकाला थेट आव्हान दिले जाते : उकलीसाठी लागणारी सर्व माहिती आता तुमच्यासमोर आहे, पुढे जाण्यापूर्वी उत्तर शोधा. ते पान आले की मी पुस्तक बंद करतो आणि काही दिवस उघडत नाही. त्या दिवसांत कामावर जाताना, रांगेत उभे असताना, एखादी बैठक सुरू होण्याची वाट पाहताना डोक्यात तेच चालू असते. खिडकी आतून बंद होती हे नेमके कोणी सांगितले? ते सांगणाऱ्या माणसाने खिडकीला हात लावून पाहिले होते का, की दुरून पडदा ओढलेला पाहून त्याने तसे मानले? अशा एका प्रश्नावर सबंध प्रवास निघून जातो आणि वाचायला वेळ मिळाला नाही ही खंत राहत नाही, कारण वाचन चालूच असते. ज्या पुस्तकांत हे आव्हानाचे पान नसते, तिथे मी ते स्वतः ठरवतो. गुप्तहेर सर्वांना एका खोलीत बोलावतो किंवा ‘आता सगळे स्पष्ट झाले’ असे म्हणतो, तिथे थांबायचे.

यासाठी लेखकावर विश्वास मात्र हवा. रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले. गुप्तहेराला सापडलेला प्रत्येक दुवा त्याने वाचकालाही लगेच दाखवला पाहिजे, हा त्यांतील एक. त्यांतले बाकीचे काही नियम आज जुनाट वाटतात, हा एक मात्र मला पवित्र वाटतो. ज्या लेखकाने शेवटच्या प्रकरणात अचानक परदेशातला हरवलेला भाऊ आणला, त्याच्या पुस्तकावर विचार करण्यात घालवलेले माझे दिवस त्याने वाया घालवले, असे मी मानतो आणि त्याचे पुढचे पुस्तक घेत नाही.

आणि ज्या काळात डोके दुवे जपण्याच्या स्थितीतच नसते, तेव्हा मी उलट्या रचनेच्या कथा वाचतो. आर. ऑस्टिन फ्रीमन यांच्या १९१२ च्या ‘द सिंगिंग बोन’ या संग्रहात अशा कथा आहेत. गुन्हा कोणी आणि कसा केला हे आधीच सांगून टाकले जाते, आणि तो उघडकीला कसा येतो एवढेच पाहायचे असते. नावे विसरली तरी बिघडत नाही, तर्काची गोडी मात्र पूर्ण मिळते. कामाच्या ओझ्याखाली दबलेल्या वाचकाला मी आवर्जून हाच प्रकार सुचवीन.

*

थोडक्यात लिहितो. वर्षाला अमुक पुस्तके वाचायचीच, असे उद्दिष्ट मी ठेवत नाही. ते ठेवले की बारीक पुस्तके निवडली जातात आणि शेवटाकडे पाने भराभर उलटली जातात. रहस्यकथेत शेवटची पाने घाईने वाचणे म्हणजे सगळी मेहनत फुकट घालवणे आहे.

*

आम्ही दोघे नवरा-बायको एकच प्रत वाचतो. पुस्तकात दोन खुणा असतात, माझी निळी आणि त्यांची पिवळी. ते पहाटे वाचतात, मी रात्री, त्यामुळे भांडण होत नाही. नियम असा की बोलायचे ते मागे असलेल्या खुणेपर्यंतच. जो पुढे गेला असेल त्याने चेहऱ्यावरूनही काही कळू द्यायचे नाही, आणि हे दिसते त्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे, कारण इतक्या वर्षांच्या संसारानंतर त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला तरी मला संशय येतो. दोघेही दोन-तृतीयांश पुस्तकापर्यंत पोहोचलो की आपापला संशयित एका चिठ्ठीवर कारणासह लिहायचा आणि चिठ्ठ्या घडी करून मुखपृष्ठाच्या आत ठेवायच्या. नुसते नाव लिहिले तर ते धरले जात नाही. कारण लिहावेच लागते, आणि कारण लिहायला बसले की आपला संशय किती पोकळ होता ते बऱ्याचदा तिथेच कळते.

दिवसभरात आम्हाला एकमेकांशी निवांत बोलायला वेळ कमीच मिळतो आणि जो मिळतो तो घरखर्च आणि मुलांचे अभ्यास यांतच जातो. पुस्तक चालू असले की रात्री दिवा मालवण्यापूर्वी त्या परक्या घरातल्या माणसांविषयी बोलणे होते : ती बहीण खरेच दुःखी आहे का, त्या डॉक्टरने इतकी घाई का केली. सध्या पिवळी खूण माझ्या खुणेच्या बरीच पुढे आहे. आज मुले लवकर झोपली तर मी निदान मृत्युपत्राच्या वाचनापर्यंत पोहोचेन, कारण तिथे काहीतरी आहे एवढे मला त्यांच्या गप्प बसण्यावरून कळले आहे.